खड्डा कुणाचा? राज्यघटना उघडून उत्तर शोधण्याची रीत

पुण्यात कर्वे रस्त्यावर खड्डा पडला तर तो महापालिकेने बुजवायचा. एम. जी. रोडवर पडला तर कॅन्टोन्मेंट बोर्डाने, नवले पुलापाशी महामार्गावर पडला तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने, आणि द्रुतगती मार्गावर पडला तर राज्य रस्ते विकास महामंडळाने. तक्रार चुकीच्या दारात गेली की ‘विषय आमच्या अखत्यारीत नाही’ एवढंच उत्तर हाती येतं. हे चार मालक कुणाच्या लहरीने ठरलेले नाहीत. कायदे करण्याचे विषय केंद्र (संघ सूची), राज्य (राज्य सूची) आणि दोघांचे सामाईक (समवर्ती सूची) असे वाटून देणाऱ्या, राज्यघटनेच्या शेवटी जोडलेल्या सातव्या अनुसूचीत त्यांचं मूळ आहे, आणि ते थोड्या सरावाने कुणालाही शोधता येतं.

घटना पहिल्या पानापासून कादंबरीसारखी वाचायला घेतली की नागरिकत्वाच्या भागात, म्हणजे अनुच्छेद ५ ते ११ मध्येच, दम लागतो. त्यात वाचकाचा दोष नाही. हा ग्रंथ हातात प्रश्न घेऊन उघडायचा असतो आणि तीन ठिकाणी बोट ठेवून वाचायचा असतो: अनुच्छेद, त्याची तळटीप आणि संबंधित अनुसूची. यातलं एक बोट निसटलं की अर्थ चुकतो.

आधी प्रत तपासा

केंद्राच्या विधी विभागाच्या संकेतस्थळावरून इंग्रजी आणि हिंदी पाठ फुकट उतरवून घेता येतो. ‘भारताचे संविधान’ ही मराठी आवृत्तीही उपलब्ध आहे. अप्पा बळवंत चौकातल्या कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानांत खिशात मावणाऱ्या प्रतीही मिळतात. प्रत कोणतीही असो, ती कोणत्या दुरुस्तीपर्यंतची आहे हे आधी बघा. यासाठी एक सोपी कसोटी आहे. अनुच्छेद ३३४ए शोधा. तो असेल तर २०२३ ची १०६ वी दुरुस्ती, म्हणजे लोकसभा-विधानसभांतलं महिला आरक्षण, त्या प्रतीत आलेली आहे. नसेल तर प्रत जुनी आहे, आणि जुन्या प्रतीवरून केलेला युक्तिवाद पहिल्याच उत्तरात कोसळतो.

हिंदी पाठाला १९८७ च्या ५८ व्या दुरुस्तीने अधिकृत दर्जा मिळाला. समजून घ्यायला मराठी वाचा, पण शब्दावर वाद अडला तर इंग्रजी पाठ शेजारी ठेवा, कारण सर्वोच्च न्यायालयात कीस काढला जातो तो त्यातल्या शब्दांचा. अक्षरांचाही घोळ लक्षात ठेवा. वर्तमानपत्रात ‘कलम २१ अ’ छापतात, हिंदी पाठात तेच २१क असतं आणि इंग्रजीवरून लिहिणारे २१ए म्हणतात. तिन्ही एकच आहेत. २४३ च्या पुढे तर इंग्रजी यू म्हणजे हिंदीतला प, त्यामुळे एकाच अनुच्छेदाचा शोध दोनदा घ्यावा लागतो. या लेखात इंग्रजी अक्षरंच देवनागरीत दिली आहेत.

१९५० साली घटनेत ३९५ अनुच्छेद, २२ भाग आणि ८ अनुसूच्या होत्या. आजही शेवटचा अनुच्छेद ३९५ च आहे, कारण नव्या अनुच्छेदांना पुढचा आकडा न देता जुन्या आकड्यापुढे अक्षर जोडतात. भाग ७ रिकामा आहे, १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो गेला. अनुसूच्या मात्र १२ झाल्या.

पान कसं वाचायचं

चौकोनी कंस म्हणजे तिथला मजकूर नंतर घातलेला किंवा बदललेला आहे. ओळीत नुसत्या फुल्या असतील तर काहीतरी काढून टाकलेलं आहे. दोन्हींचा खुलासा तळटीपेत मिळतो: कोणत्या दुरुस्तीने, त्या कायद्याच्या कोणत्या कलमाने, आणि कोणत्या तारखेपासून. यातली तारीख कधीही सोडू नका. शिक्षणाचा हक्क देणारी ८६ वी दुरुस्ती २००२ ची आहे, पण अनुच्छेद २१ए लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीतला प्रतिबंधक स्थानबद्धतेविषयीचा बदल तर मंजूर होऊनही अमलात आणलाच गेला नाही. दुरुस्ती झाली आणि दुरुस्ती लागू झाली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग दोन शब्दप्रयोग हेरायचे. ‘काहीही असले तरी’ असं ज्या खंडात लिहिलं आहे, तो खंड वरचढ. ‘अधीन राहून’ असं जिथे लिहिलं आहे, तो खंड दुसऱ्यापुढे नमतं घेणारा. अनुच्छेद २४६ यासाठीच पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे. खंड (१) संसदेला संघ सूचीतले विषय देतो आणि म्हणतो, खंड (२) व (३) मध्ये काहीही असले तरी. खंड (३) राज्याला राज्य सूची देतो, पण खंड (१) व (२) ला अधीन राहून. केंद्राचं पारडं जड का, याचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. त्यासाठी वेगळं भाष्य वाचावं लागत नाही.

आणि परंतुक. खंडाच्या शेवटी ‘परंतु’ने सुरू होणारा जो तुकडा असतो, तो आधी वाचायची सवय लावा. अनुच्छेद ७३ म्हणतो की संसद ज्या विषयांवर कायदा करू शकते, त्या सगळ्या विषयांवर केंद्राचा कार्यकारी अधिकार चालतो. परंतुक सांगतं की राज्यालाही ज्यावर कायदा करता येतो अशा विषयांत, घटनेत किंवा संसदेच्या कायद्यात स्पष्ट म्हटल्याशिवाय, हा अधिकार राज्यात चालत नाही. हेल्मेटचं उदाहरण घ्या. हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ ची. तो कायदा संसदेचा, समवर्ती सूचीतल्या ३५ व्या नोंदीखालचा. पण चौकात पावती फाडणारे पोलीस राज्याचे, कारण पोलीस हा राज्य सूचीतला दुसरा विषय. म्हणून सक्ती उठवा अशी मागणी महापौरांकडे करून उपयोग नसतो. कायदा बदलायचा तर संसदेने, आणि अंमलबजावणीबद्दल बोलायचं तर राज्याच्या गृहखात्याशी.

तीन सूच्या आणि एक क्रम

मूळ सातव्या अनुसूचीत संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. शेवटचे आकडे आजही तेच दिसतात, पण मधल्या काही नोंदी गळल्या आहेत आणि काही अक्षर लावून शिरल्या आहेत. त्यामुळे ‘राज्याकडे ६६ विषय आहेत’ हे वाक्य आज बरोबर नाही.

शोधायला सुरुवात करताना तक्रार बाजूला ठेवून तिचा विषय लिहा. ‘खड्डा’ नाही, ‘रस्ते’. मग राज्य सूचीपासून सुरुवात करा, कारण पुढे कुठे जायचं हे तिच्या नोंदीच सांगतात. १३ व्या नोंदीत रस्ते आणि पूल आहेत, पण ‘संघ सूचीत नमूद नसलेले’ या अटीवर. ही अट तुम्हाला संघ सूचीच्या २३ व्या नोंदीकडे नेते: संसदेच्या कायद्याने किंवा त्याखाली राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झालेले रस्ते. म्हणजे डांबर तेच, खडी तीच, पण जाहीर होताच रस्ता एका सूचीतून दुसऱ्या सूचीत जातो. नवले पुलाखालून जाणाऱ्या महामार्गाचं असंच आहे. द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाकडे आहे.

कॅम्पाचं, म्हणजे कॅन्टोन्मेंट भागाचं, कोडं याच रीतीने सुटतं. स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्य सूचीतला ५ वा विषय. पण कॅन्टोन्मेंटची हद्द ठरवणं आणि तिथला स्थानिक कारभार हा संघ सूचीच्या ३ ऱ्या नोंदीत जातो. पुणे, खडकी आणि देहूरोड ही तिन्ही कॅन्टोन्मेंट बोर्डं कॅन्टोन्मेंट कायदा २००६ खाली, संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली चालतात. त्यांचा भाग महापालिकेत घ्यायचा तर महापालिकेचा ठराव पुरत नाही. हद्द बदलण्याची अधिसूचना केंद्राकडूनच यावी लागते.

पाण्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. राज्य सूचीतली १७ वी नोंद पाणी राज्याकडे देते, पण संघ सूचीतल्या ५६ व्या नोंदीला अधीन ठेवून, आणि ती नोंद आंतरराज्य नद्यांची आहे. खडकवासल्याचं पाणी शहराला किती आणि शेतीला किती, हे राज्य ठरवतं. पण मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला. कृष्णेचा तंटा कर्नाटक, तेलंगणा आणि आंध्र प्रदेशापर्यंत जातो आणि अनुच्छेद २६२ खालच्या १९५६ च्या कायद्याने तो लवादापुढे चालतो. पुण्याच्या नळाचा प्रश्न शेवटी दोन सूच्यांत पाय रोवून उभा असतो.

विद्यापीठाचंही थोडं तसंच. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण राज्य सूचीतून समवर्ती सूचीत गेलं. वनं, वन्य प्राणी व पक्ष्यांचं संरक्षण, वजनमापं आणि न्यायदानाची व्यवस्था हे विषयही तेव्हाच गेले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याखाली चालतं, पण उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं ही संघ सूचीतली ६६ वी नोंद आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा हात तिथून येतो.

करांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. विषय ज्याचा, कर त्याचा, असं वाटतं. तसं नाही. करांच्या नोंदी वेगळ्या दिलेल्या आहेत आणि विषयाबरोबर कर आपोआप येत नाही. मोटार वाहनांचा कायदा समवर्ती, पण गाडीवरचा कर राज्य सूचीच्या ५७ व्या नोंदीत. मिळकत कर राज्य सूचीच्या ४९ व्या नोंदीत आहे आणि तो आकारण्याची परवानगी महापालिकेला अनुच्छेद २४३एक्स खाली राज्याच्या कायद्यातून मिळते.

जकात हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. राज्य सूचीत ५२ वी नोंद होती: स्थानिक क्षेत्रात मालाच्या प्रवेशावरचा कर. पुण्यात एप्रिल २०१३ पासून जकातीऐवजी स्थानिक संस्था कर आला. पुढे २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीने ५२ वी नोंदच काढली, वस्तू व सेवा करासाठी अनुच्छेद २४६ए आणि २७९ए घातले, आणि १ जुलै २०१७ पासून नवा कर सुरू झाला. जकात नाका हे नाव बसथांब्यांवर राहिलं तरी तो कर परत आणायचा अधिकार आज राज्य विधिमंडळाला नाही, त्यामुळे महापालिकेलाही नाही. महापालिकांना राज्य जी भरपाई देतं, ती २०१७ च्या राज्य कायद्याने. पेट्रोल, डिझेल आणि मद्य मात्र ५४ व्या नोंदीत टिकून आहेत, म्हणून पेट्रोलवर राज्याचा मूल्यवर्धित कर आणि केंद्राचं उत्पादन शुल्क असे दोन थर दिसतात.

तिन्ही सूच्यांत विषय सापडलाच नाही तर? संघ सूचीची ९७ वी नोंद आणि अनुच्छेद २४८ पाहा. उरलेलं सगळं संसदेचं. पण तिथे घाईने जाऊ नका. नोंदींचा अर्थ न्यायालयं ऐसपैस लावतात. कायद्याचा गाभा एका सूचीत असेल तर दुसऱ्या सूचीला लागलेला ओझरता धक्का चालतो. मुंबई दारूबंदी कायद्यावरच्या १९५१ च्या बलसारा खटल्यात हेच तत्त्व वापरलं गेलं.

केंद्र आणि राज्याचे कायदे आदळले तर

इथे अनुच्छेद २५४. समवर्ती विषयावर दोन्ही कायदे असतील आणि ते जुळत नसतील तर संसदेचा कायदा टिकतो, राज्याचा कायदा विसंगतीपुरता निष्प्रभ होतो. खंड (२) ची पळवाट अशी की राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यापुरता तो चालतो. तरीही संसद नंतर कायदा करून तो मोडू शकते.

फ्लॅट घेणाऱ्यांनी हा अनुच्छेद जरूर वाचावा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला होता. संसदेचा रेरा, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियमनाचा, कायदा २०१६ मध्ये आला आणि त्याच्या कलम ९२ ने तो कायदा नाव घेऊन रद्द केला. पश्चिम बंगालने रेराला समांतर स्वतःचा कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये रद्द ठरवला. महारेरा ही राज्यातली यंत्रणा असली तरी तिच्या अधिकाराचा उगम संसदेच्या कायद्यात आहे.

राज्य सूचीतही संसदेला शिरता येतं, पण ठरलेल्या दारांनीच: अनुच्छेद २४९ (राज्यसभेचा दोनतृतीयांशाचा ठराव), २५२ (दोन किंवा अधिक राज्यांची विनंती), २५३ (आंतरराष्ट्रीय करार), आणि आणीबाणी. २५२ ची किंमत पुण्याने पाहिली आहे. १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा या वाटेने आला होता, त्यामुळे राज्याला तो स्वतः रद्द करता येत नव्हता. संसदेने १९९९ मध्ये निरसनाचा कायदा केला आणि महाराष्ट्राने तो नोव्हेंबर २००७ मध्ये स्वीकारला.

महापालिका नेमकी कुठे बसते

‘बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, म्हणून ते महापालिकेचे’ असं भाषणांत ऐकू येतं. अनुच्छेद २४३डब्ल्यू नीट वाचा. राज्य विधिमंडळाला कायद्याने हे अधिकार देता येतील, असं तो म्हणतो. द्यावेच लागतील असं म्हणत नाही. म्हणून महापालिकेचा अधिकार शोधायचा तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये, अनुसूचीत नाही.

२४३यू ची भाषा मात्र सक्तीची आहे: मुदत ५ वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि ओबीसी आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. इतकं स्पष्ट वाक्य घटनेत असूनही हे घडलं, आणि नागरिकांनी त्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. निवडणूक लांबतेय असं दिसलं की अर्जात ‘लोकशाहीचा अपमान’ असे शब्द घालण्यापेक्षा ‘अनुच्छेद २४३यू, खंड (३)’ लिहा.

दुरुस्तीची बातमी आली की

आधी आकडा तपासा. विधेयकाचा क्रमांक आणि झालेल्या दुरुस्तीचा क्रमांक वेगळे असतात. वस्तू व सेवा कराचं विधेयक १२२ वं होतं, दुरुस्ती झाली १०१ वी. महिला आरक्षणाचं विधेयक १२८ वं, दुरुस्ती १०६ वी. दोन्ही आकडे एकाच बातमीत आले की वाचक दोन वेगळ्या दुरुस्त्या समजतो.

मग बहुमताचं गणित. अनुच्छेद ३६८ च्या दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोनतृतीयांश. लोकसभेच्या ५४३ जागा, म्हणजे पहिली अट २७२ ची. ४५० जणांनी मत दिलं तर दुसऱ्या अटीने ३०० लागतात. ३९० जणांनीच दिलं तर दोनतृतीयांश २६० होतात, पण २७२ शिवाय विधेयक पडतं. ४०८ हा दोन्ही अटी जुळण्याचा आकडा. हे प्रत्येक सभागृहात वेगवेगळं व्हावं लागतं. संयुक्त बैठकीची सोय इथे नाही.

दुरुस्ती संघराज्याच्या रचनेला हात लावत असेल, म्हणजे सातव्या अनुसूचीतल्या सूच्या, राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च व सर्वोच्च न्यायालयांविषयीची घटनेतली प्रकरणं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, किंवा खुद्द ३६८, तर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचं अनुसमर्थनही, म्हणजे संमतीचा ठरावही, लागतो. २८ राज्यांत १४. उलट राज्याच्या सीमा बदलायला अनुच्छेद ३ आणि ४ प्रमाणे साधं बहुमत पुरतं आणि ती ३६८ खालची दुरुस्ती मानलीच जात नाही.

अनुसमर्थन चुकलं की काय होतं, हे प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीने माहीत करून घ्यावं. २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी भाग ९बी घातला: कमिटीत जास्तीत जास्त २१ सदस्य, ५ वर्षांची मुदत. पण सहकारी संस्था हा राज्य सूचीतला ३२ वा विषय, आणि राज्यांचं अनुसमर्थन घेतलंच नव्हतं. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला. बहुराज्य संस्थांसाठी तो राहिला. मग तुमच्या सोसायटीचे २१ आणि ५ चे नियम गेले का? नाही. महाराष्ट्राने २०१३ मध्ये १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमातच तशा दुरुस्त्या केल्या होत्या, आणि त्या राज्याच्या स्वतःच्या अधिकारावर उभ्या आहेत. सर्वसाधारण सभेत ९७ व्या दुरुस्तीचा दाखला देऊ नका, अधिनियमाचा द्या.

बहुमत आणि अनुसमर्थन दोन्ही असूनही दुरुस्ती पडू शकते. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने, १३ न्यायाधीशांच्या पीठात ७ विरुद्ध ६ मतांनी, घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येत नाही असं ठरवलं. न्यायाधीशांच्या नेमणुकांबाबतची ९९ वी दुरुस्ती २०१५ मध्ये त्याच कसोटीवर रद्द झाली.

आता ही सगळी रीत मराठा आरक्षणाला लावून बघा. १०२ व्या दुरुस्तीने २०१८ मध्ये अनुच्छेद ३४२ए घातला. त्याच वर्षी राज्याने आरक्षणाचा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ च्या निकालात तो रद्द केला, त्याची दोन वेगळी कारणं होती. एक, ३४२ए नंतर मागास वर्ग ठरवण्याचा राज्याचा अधिकारच उरला नाही, हे ३ विरुद्ध २ मतांनी. दुसरं, ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी अपवादात्मक परिस्थिती दिसत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मंजूर झालेल्या १०५ व्या दुरुस्तीने पहिलं कारण दूर केलं. अनुच्छेद ३४२ए चा खंड (३) वाचा, तिथे राज्याची स्वतंत्र यादी दिसेल. दुसऱ्या कारणाला त्या दुरुस्तीने स्पर्श केलेला नाही. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातून आलेली ५० टक्क्यांची रेघ घटनेच्या कोणत्याही अनुच्छेदात तशी लिहिलेली सापडत नाही, म्हणून ती तळटिपांत शोधत बसू नका. राज्याने २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा केला. त्याबद्दलची पुढची बातमी वाचताना वाद अधिकाराचा आहे की मर्यादेचा, हे पहिल्या परिच्छेदातच शोधा. अधिकाराचा असेल तर ३४२ए उघडायचा, मर्यादेचा असेल तर निकालपत्र.